आठव्या दिवसाचं पाणी

हुबळी-धारवाडात दोन शेजारी भेटले की हवापाण्यातल्या हवेपर्यंत गाडी जातच नाही. 'तुमच्याकडे कधी आलं होतं?' इथूनच सुरुवात. काय आलं होतं, हे सांगावं लागत नाही. मलप्रभेवरचं सौंदत्तीचं धरण आणि कलघटगीच्या वाटेवरचा नीरसागर ही दोन नावं इथल्या बायकांना नातेवाइकांसारखी माहीत. 2008 च्या सुमाराला काही वॉर्डांत चोवीस तास पाणी सुरू झालं, त्याचं कौतुक झालं. बाकीच्यांनी मात्र गच्चीवरची टाकी आणि नळ यायच्या रात्रीचा गजर दोन्ही जपून ठेवले. आठव्या दिवशी पाणी येणार, तर ते भरायला घरातलं कुणीतरी जागं हवंच.

अशा गावात कॉन्व्हेंटमधून चिठ्ठी येते : तिसरी-चौथीच्या मुलांना पोहायला न्यायचा विचार आहे, संमती असल्यास सही करावी. 'प्यायला नाही, आणि पोहायला?' हा प्रश्न घरातल्या थोरल्या बाईनं विचारणं ओघानंच आलं. उत्तर द्यायचं तर हिशोब करावा लागतो. पंचवीस मीटर लांब, दहा मीटर रुंद, सरासरी दीड मीटर खोल टाकीत पावणेचार लाख लिटर पाणी मावतं. सहा हजार लिटरचे साठावर टँकर झाले! पण तेच पाणी गाळून, क्लोरीन घालून पुन्हा पुन्हा वापरतात. रोज भर घालायची ती उडून गेलेल्या आणि सांडलेल्या पाण्याची. शिवाय टाकी शाळेनं बांधायची नाही, जी आहे तिथं न्यायचं. थोरल्या बाईंना हिशोब पटतो, संमती नाही. त्यांची हरकत पाण्याच्या मापाला नव्हतीच. पोहायचं म्हणजे कपडे काढून पाण्यात उतरायचं, तेही सगळ्यांबरोबर.

हे 'सगळे' कोण, तेही बघावं. 1882 मध्ये सदर्न मराठा रेल्वे कंपनी निघाली, हुबळीत तिचं वर्कशॉप उभं राहिलं आणि त्याच्या मागोमाग गोव्याचे, मद्रासकडचे, अँग्लो-इंडियन असे कितीतरी संसार इथे उतरले. 1953 मध्ये बेळगावचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. त्याआधी चर्चच्या नकाशावर हा मुलूख काही पुण्याकडे आणि काही गोव्याकडे होता, म्हणजे इथल्या मराठी माणसाच्या सोयरिकींसारखाच. आजच्या कॉन्व्हेंटच्या हजेरीपटावर हिरेमठ, कुलकर्णी, फर्नांडिस, शेख, कांबळे एका दमात वाचले जातात. मैदानावर कानडी, मराठी, कोंकणी आणि दखनी. इंग्रजी, मिस जवळ आल्यावर. ज्या गावात बेंद्रे घरी मराठी बोलून कानडीत कविता लिहीत होते, आणि जी. ए. कुलकर्णी कॉलेजात इंग्रजी शिकवून मराठीत कथा, त्या गावात याचं नवल कुणाला वाटणार?

तासाची घंटा झाली की कॅथलिक मुलं कॅटेकिझमला जातात, बाकीची मॉरल सायन्सला. डिसेंबरात गोठा मात्र सगळी मिळून करतात. एकदा गवत कुणाच्या तरी शेतातून आलं होतं आणि कमी पडलेली मेंढरं एका घरच्या गौरीच्या आराशीतून. फाटकाशी उभ्या आयांचा जो घोळका असतो, त्यात डब्याची देवघेव, ट्यूशनची चौकशी, सिस्टरच्या बदलीची बातमी, सगळं चालतं. शाळा खरी त्या फाटकाशीच भरते, असं माझं मत आहे. आत नुसता अभ्यास होतो.

बाकावर शेजारी बसणं इथे कधीच जमलं. डबाही वाटून खातात. पाण्याची गोष्ट निराळी. आमच्या आधीची पिढी पोहायला शिकली ती विहिरीत. पाठीला वाळलेला भोपळा नाहीतर रिकामा पत्र्याचा डबा बांधायचा, काकानं वरून ढकलून द्यायचं, नाकातोंडात पाणी गेलं की आपोआप हात मारता येतात, अशी त्यामागची शिक्षणपद्धती. तिच्या आठवणी सांगताना माणसं फार हळवी होतात. पण विहीर कुणाची, हे त्या आठवणींत येत नाही. ज्याची विहीर त्याचीच पोरं त्यात. बाकीच्यांनी ओढ्यात नाहीतर तळ्यात पाहावं. 20 मार्च 1927 ला महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेण्यासाठी केवढं काय घडवावं लागलं! तिथे प्रश्न ओंजळीचा होता. इथे तर शेखांचा मुलगा, हिरेमठांची मुलगी आणि कांबळ्यांचा धाकटा एकाच पाण्यात तोंड बुडवून बुडबुडे सोडणार आहेत आणि त्यातलं थोडं गिळणारही आहेत. कुणी हे मोठ्यानं म्हणत नाही. 'इन्फेक्शन होतं हो,' असं म्हणतात.

मुलींचं तर विचारूच नका. रोज विहिरीवरून दहा-दहा घागरी ओढणाऱ्या बायकांना त्याच विहिरीत कधी पोहू दिलं गेलं नाही. पडली किंवा उडी घेतली, तरच ती आत. सिस्टरनी चिठ्ठीत पोशाखाचा आख्खा परिच्छेद लिहिला होता : गुडघ्यापर्यंतचा, बाह्यांचा, डोक्याला टोपी. आधी मला हसू आलं. नंतर लक्षात आलं, त्या परिच्छेदामुळेच निम्म्या आया सही करणार.

आता विहिरी बुजल्या. हुबळीतल्या उरलेल्या काही गणपतीच्या विसर्जनापुरत्या लोकांना आठवतात. उणकल आणि केळगेरी ही तळी काठावरून बघायची. शिकायच्या जागा गेल्या, बुडायच्या मात्र तशाच राहिल्या : खाणींचे खड्डे, कालवे, शेततळी. देशात दर वर्षी तीस हजारांहून अधिक माणसं बुडून मरतात. बांगलादेशात गावच्या तळ्यातच बांबूचा मंच बांधून चार वर्षांपासूनच्या मुलांना शिकवतात, त्यांना कुठली आलीय टाइल्सची टाकी! इंग्लंडात प्राथमिक शाळा संपेपर्यंत प्रत्येक मुलाला पंचवीस मीटर पोहता आलं पाहिजे, असं अभ्यासक्रमातच आहे, कॅथलिक शाळांनाही. बहुतेक शाळांकडे टाकी नाही, मुलं बसनं गावच्या तलावावर जातात. आपल्याकडे हे सुट्टीतल्या शिबिरात येतं, कीबोर्ड आणि कॅलिग्राफीच्या शेजारी, फी भरू शकणाऱ्यांसाठी. पाढे कुणी शिबिरात ठेवत नाही.

पालकसभेत हे बोलायचं ठरवून गेलो होतो. तिथे चर्चा भलतीकडेच गेली. बस कोण देणार, मुलींबरोबर बाई कोचच हवी, केस ओले राहून सर्दी झाली तर? एका रेल्वेवाल्या वडलांनी, शनिवारी आपली सुट्टी असते, काठावर मी उभा राहतो, असं कानडीत सांगितलं. मग मागच्या बाकावरून एक आजी उठल्या. आयांनाही शिकवणार का, असं त्यांनी विचारलं. सिस्टरनी वही उघडली आणि विचारलं, किती जणी येतील?