पॅनेलच्या पाठीवरचं लेबल

२०२३ साली मिरजगावच्या मुक्कामात हरिपाठ चालू असताना आमचा माइक बंद पडला. टाळ थांबले नाहीत. विणेकऱ्यांनी आवाज चढवला आणि हरिपाठ पूर्ण झाला, पण मागे बसलेल्या म्हाताऱ्या माणसांपर्यंत शब्द पोचेनात. मी टेम्पोत बॅटरीवर मल्टिमीटर लावून बसलो होतो. काटा साडेअकरा व्होल्टच्याही खाली होता. बॅटरी पार उतरलेली.

आमची दिंडी संत निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरला जाते. राहुरी, नगर, मिरजगाव करत वाट पुढे करमाळ्याकडे निघते. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, पण वाटेवरच्या बोलण्यात अजून नगरच येतं.) तीन आठवड्यांहून जास्त काळ दिंडीचा टेम्पो हेच आमचं घर असतं. शिधा, पातेली, ताडपत्र्या, पाण्याची टाकी, आजारी माणूस, सगळं त्यातच. पूर्वी उजेडासाठी जनरेटर होता. त्याचा धूर आणि आवाज भजनात नको वाटायचा, म्हणून त्या वर्षी टपावर सोलर पॅनेल बसवलं. केडगावात गाड्यांचं वायरिंग करण्यात माझी तीस वर्षं गेली, तेव्हा हे काम आपोआप माझ्याकडे आलं.

पॅनेल ३३० वॅटचं होतं. हिशेब मी असा धरला होता: नऊ वॅटचे सहा बल्ब पाच तास, म्हणजे २७० वॅट-तास. माइकचा अँप्लिफायर तीन तास, १८० वॅट-तास. चाळीसेक मोबाइल, सरासरी पंधरा वॅट-तास धरले तर ६००. साध्या बटणाच्या फोनला तीन-चार पुरतात, मोठ्या फोनला वीसही लागतात. एकूण साडेदहाशेच्या आसपास. ३३० वॅटचं पॅनेल चार तास नीट चाललं की भागलं, असं वाटलं. त्या वर्षी पाऊस लांबला होता, रोज कडक ऊन होतं. तरी चौथ्या दिवसापासून बॅटरी भरेना.

दुकानदाराने सांगितलं, ढगांमुळे होतं. आकाशात ढगाचा तुकडा नव्हता.

वारीहून परतल्यावर पॅनेल खाली उतरवलं, उलटं केलं आणि पाठीवरचं लेबल पहिल्यांदा नीट वाचलं. कमाल पॉवर ३३० वॅट. त्या पॉवरला व्होल्टेज ३७.६ आणि करंट ८.७८ अँपिअर. दोन्हींचा गुणाकार केला की ३३० येतात. म्हणजे हे वॅट ३७ व्होल्टला मिळतात, आणि माझी बॅटरी बारा व्होल्टची. मधे बसवलेला चार्ज कंट्रोलर होता स्वस्तातला, पीडब्ल्यूएम. तो पॅनेल सरळ बॅटरीला जोडतो आणि भरत आली की तोडतो, बस. बॅटरी पॅनेलला आपल्या पातळीवर, तेरा व्होल्टवर ओढून आणते. करंट मात्र नऊच्या वर जात नाही. नऊ गुणिले तेरा, ११७ वॅट. दोन तृतीयांश पैसे मी टपावर नुसते वाहून नेत होतो.

तीस वर्षांत मी गाडीत नेहमी अँपिअर पाहिले, कारण तिथे व्होल्ट ठरलेले असतात. पॅनेलमध्ये तसं नसतं, एवढं मनात पक्कं व्हायला मला दोन दिवस लागले.

लेबलाच्या तळाशी बारीक अक्षरांत आणखी एक गोष्ट होती. हे आकडे चौरस मीटरला १००० वॅट ऊन आणि सेलचं तापमान २५ अंश असतानाचे आहेत. जूनमध्ये पत्र्याच्या टपावर सेल ६५ अंशांपर्यंत सहज तापतात. दर अंशाला सुमारे ०.४ टक्के पॉवर घटते, म्हणजे चाळीस अंशांना सोळा टक्के. ऊन जितकं तापेल तितकी वीज जास्त, असं दिंडीत सगळे मानतात, आणि तसं वाटण्यात त्यांचा दोष नाही. शिर्डीच्या प्रसादालयावर २००९ साली ७३ तबकड्या बसवल्या, त्या उन्हाच्या उष्णतेवर वाफ करून अन्न शिजवण्यासाठी होत्या. पॅनेलला मात्र उजेड हवा असतो, उष्णता त्याला मारते. म्हणून आता पॅनेल आणि टप यांत चार बोटं जागा सोडली आहे, खालून वारा जातो.

दुसरा दोष शुद्ध माझ्या वायरिंगचा. कंट्रोलर ड्रायव्हरजवळ, बॅटरी मागे, आणि मधे दीड एमएमची घरगुती वायर, जाऊन-येऊन आठ मीटर. नऊ अँपिअरला त्यात जवळजवळ एक व्होल्ट पडत होता. कंट्रोलरला साडेचौदा दिसत, बॅटरीला प्रत्यक्षात साडेतेरा मिळत, आणि कंट्रोलर बॅटरी भरली समजून हात आखडता घेई. बारा व्होल्टच्या कामात एक व्होल्ट म्हणजे फार.

२०२४ ला एमपीपीटी कंट्रोलर घेतला. तो पॅनेलला त्याच्या कमाल पॉवरच्या व्होल्टेजवरच ठेवतो आणि जादा व्होल्ट करंटमध्ये उतरवतो. त्याच पॅनेलवर भर दुपारी मीटरने १९ अँपिअर दाखवले. वारी जुलैत आली होती, या खेपेला ढग खरोखर होते, म्हणून तसंच दुसरं पॅनेल जोडलं.

सिरीज की पॅरलल, यावर माझा पुतण्या आणि मी रात्रभर वाद घातला. सिरीजमध्ये करंट तेवढाच राहतो, वायर बारीक चालते. पण लेबलावर ओपन सर्किट व्होल्टेज, म्हणजे काही जोडलेलं नसतानाचं, ४६ होतं, दोन पॅनेलचे ९२. थंडीत हे वाढतं. नगरच्या डिसेंबरातल्या सकाळी दहा अंशांना ते ९६ च्या पुढे जाईल आणि कंट्रोलरची मर्यादा १००. पुतण्या म्हणाला, ‘काका, बसतंय की!’ मला एवढ्या काठावर काम नको होतं. शिवाय टपाच्या पुढच्या कोपऱ्यावर पताका असते. ती काढायचा प्रश्नच नाही, आणि तिची सावली एका पॅनेलवर फिरत राहते. सिरीजमध्ये एकाची सावली दोघांना बाधते. पॅरलल केलं. टपापासून चार एमएमची सोलर केबल घेतली, कंट्रोलर बॅटरीला चिकटून बसवला आणि तिथे सोळा एमएमची हातभर वायर.

बॅटरीच्या पॉझिटिव्हला टेकूनच पन्नास अँपिअरचा फ्यूज आहे. राहुरीच्या अलीकडे खड्ड्यांत वायर पत्र्याच्या धारेवर घासली आणि फ्यूज उडाला. फक्त फ्यूज. त्याच गाडीत गॅसची टाकी आणि झोपलेली माणसं होती. मी तिथेच रस्त्याकडेला वायरला रबरी बुश घातलं आणि मगच गाडी हलवली.

त्या वर्षी मिरजगावला हरिपाठ शेवटपर्यंत मागच्या रांगेत ऐकू आला.

दिंडीच्या गाडीवर पॅनेल बसवायचं असेल तर दुकानात ते उलटं करायला सांगा, लेबल वाचा, आणि फ्यूजशिवाय वायर जोडू नका. दिवसाउजेडी पॅनेल बंद करता येत नाही, तेव्हा जोडताना त्यावर घोंगडं टाका. आधी बॅटरी कंट्रोलरला जोडा, पॅनेल नंतर.