अर्जांचा मोसम

दसरा उलटला, की बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर या बीड जिल्ह्याच्या तालुक्यांतली गावे ओस पडू लागतात. मुकादमाची आगाऊ उचल अंगावर असलेली ऊसतोड जोडपी, ज्यांची गणना साखरपट्ट्यात ‘कोयता’ अशी होते, पश्चिम महाराष्ट्रातले आणि कर्नाटकातले फड गाठतात, आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत, घरी म्हातारी माणसे व शिकती पोरे तेवढी उरतात. नेमक्या याच महिन्यांत देशातील अनेक नामांकित संस्थांच्या प्रवेशपरीक्षांचे अर्ज निघतात. गुणवत्तेवर एवढे वाद झडतात, पण या दोन मोसमांच्या टकरीची दखल कोणी घेत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

एका तहसील कचेरीच्या ओट्यावर बारावीतली एक मुलगी मी पाहिली. तिच्या पिशवीत गुणपत्रिका होती, रेशनकार्ड होते, तलाठ्याचा उत्पन्न अहवालही होता. नव्हती ती फक्त वडिलांची सही, कारण वडील फडावर होते. कारकुनाने नियमानुसार कागद परत केला. उत्पन्नाच्या दाखल्यावाचून शुल्कमाफी नाही, आणि शुल्कमाफीवाचून त्या घरातून अर्ज जाणे अशक्य.

उच्च शिक्षण आणि इथले घर यांतले अंतर जुनेच आहे. निजामी अमदानीत बीड जिल्ह्याचे विद्यापीठ म्हणजे हैदराबादेतले, १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया, आणि तेथले अध्यापन उर्दूतून. हे अंतर ओळखूनच बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय काढले, जे पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून विख्यात झाले. आणि वर्गांच्या जोडीने वसतिगृहाचीही तजवीज केली, कारण खेड्यातल्या अस्पृश्य मुलाला शहरात भाड्याने खोली कोण देणार, हे त्यांनी स्वानुभवाने जाणले होते. विद्येने विद्यार्थ्याच्या दिशेने चालत जाणे याला म्हणतात! आज बुलढाणा जिल्ह्यातून आलेले राजू केंद्रे यांची ‘एकलव्य’ संस्था घराण्यात प्रथमच शिकणाऱ्या मुलांना नामांकित संस्थांतील प्रवेशांसाठी हाताशी धरते. परंतु जे कर्तव्य मुळात विद्यापीठांचे, ते अशा संस्थांच्या खांद्यावर किती काळ सोपवायचे?

शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात, तुळजापुरात, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा परिसर आहे. म्हणजे प्रश्न केवळ कोसांचा नाही, मोसमाचाही आहे. विद्यापीठाच्या प्रतिनिधींनी यावे ते आषाढ-श्रावणात, आईबाप गावात असताना. कनिष्ठ महाविद्यालयाच्या सभागृहाबरोबर वाडीवस्तीच्या पारावरही बसावे, मराठीत बोलावे, वसतिगृहाचा आणि खानावळीचा खर्च कोण सोसणार हे बापाला स्पष्ट सांगावे, आणि दाखल्यांवरच्या सह्या तेव्हाच, उचल घेण्याआधी, करून घ्याव्यात.