वहिनींचें रक्त

२०२३ सालच्या उन्हाळ्यांत आमच्या वहिनी पांढऱ्याफटक दिसूं लागल्या, तेव्हां घरांत सर्वांनीं तो दोष वयाचा मानला. जिना चढतांना धाप लागे, म्हणून देवघर खालीं आणलें. एवढीच आमची चिकित्सा! शेजारच्या एका डॉक्टरांनीं कांहीं न विचारतां लोहाच्या गोळ्या दिल्या. त्या वहिनी सकाळच्या चहाबरोबर घेत, आणि चहा तर लोह अंगीं लागूं देत नाहीं. 'पाण्डु' शब्दाचा अर्थ आम्हीं शेंकडों मुलांकडून पाठ करून घेतला. घरांतली पांडुता मात्र ओळखली नाहीं.

पाळी जाऊन पंधरा वर्षें लोटल्यावर पुन्हां रक्त जाऊं लागलें होतें, आणि तें त्यांनीं सात महिने लपविलें. सांगणार तरी कोणास? कर्ते पुरुष आम्ही. असल्या गोष्टीचा उच्चार आमच्यापुढें व्हावा अशी सोय आम्हीं कधीं ठेवलीच नव्हती. अखेर धाकट्या सूनबाईंच्या तें लक्षांत आलें.

रोग निघाला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा. हिमोग्लोबिन ७.५, स्त्रीचें १२ तरी असावें. आम्ही घाईनें म्हणालों, "उद्यांच किरण सुरू करा. रक्ताचें आम्ही बीट-खजुरावर भागवूं." डॉक्टरीणबाईंनीं शांतपणें समजाविलें. किरणांनीं रोगपेशी मराव्या, तर त्यांच्यापर्यंत प्राणवायु पोंचलेला असावा लागतो. तो वाहणारें रक्तच उणें असेल तर किरण बोथट पडण्याचें भय. बरें, थांबावें तर तेंही घातक. बाहेरील व आंतील किरण मिळून सारा उपचार सुमारें ८ आठवड्यांत आटोपावा लागतो. बीटाच्या रसानें तेवढ्या अवधींत ही तूट भरत नाहीं. म्हणून रक्ताच्या दोन पिशव्या, शिरेवाटे लोह, आणि स्राव थांबविण्याची तजवीज. एरिथ्रोपोइटिनच्या इंजेक्शनाविषयीं आम्हीं वाचलें होतें. त्यानें रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, म्हणून तें त्यांनीं नाकारलें.

किरणांबरोबर दर आठवड्यास सिसप्लॅटिन. त्यानें अस्थिमज्जा मंदावते, म्हणून दर आठवड्यास रक्ततपासणी. आंकडे वहींत टिपण्याचें काम आम्हीं मागून घेतलें. चौथ्या आठवड्यांत आंकडा पुन्हां घसरला, आणि आणखी एक पिशवी द्यावी लागली.

त्याच आठवड्यांत एके सकाळीं वही उघडून बसलों असतां वहिनी दारांत आल्या. पदर सांवरून, पण आमच्याकडे पाहून, त्या म्हणाल्या, "भाऊजी, काल रात्रीं पुन्हां थोडें गेलें. लिहून ठेवा."

आम्हीं तारीख घालून लिहिलें, आणि गाडी बोलाविली.