पसंतीक्रम

बारावीच्या निकालाला गावात पेढे वाटतात, पण इंजिनिअरिंगच्या प्रवेशात ते गुण फार पुढं येत नाहीत. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित मिळून खुल्या प्रवर्गाला 45 टक्के, राखीव प्रवर्गाला 40 टक्के असले की पात्रतेपुरतं काम झालं. गुणवत्ता यादी लागते ती सीईटीवर. भौतिक आणि रसायनचे 50-50 प्रश्न एकेका गुणाचे, गणिताचे 50 प्रश्न दोन-दोन गुणांचे, एकूण 200. हातात मात्र पर्सेंटाइल येतं. 16 जून 2024 ला ते आलं, 93 च्या थोडं वर.

घरी अप्पांनी विचारलं, "शंभरातले त्र्याण्णव ना?"

"नाही अप्पा, शंभर पोरांतली त्र्याण्णव माझ्या मागं."

"मग पुढं सातच हायेत की."

पीसीएम गटाची परीक्षा तीन लाखांच्या आसपास मुलांनी दिली होती. त्या हिशोबानं सातचे वीस हजार होतात. हे मी कागदावर मांडून दाखवलं तेव्हा अप्पा म्हणाले, "मग कॉलेज नीट बघून टाकावं लागंल." त्या उन्हाळ्यात मला मिळालेला तो सगळ्यात कामाचा सल्ला होता.

त्याआधी कागद. डोमिसाइल, टीसी, जातीचा दाखला हे ठीक होतं. नॉन क्रिमीलेयर 31 मार्च 2025 पर्यंत चालणारं हवं होतं, तेही सेतूतून निघालं. खरी दमछाक झाली ती जातीच्या व्हॅलिडिटीपायी. ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीपासून कुटुंब महाराष्ट्रात राहत होतं आणि जात तीच होती, याचा पुरावा पडताळणी समितीला द्यावा लागतो. माझे आजोबा शाळेत गेलेच नव्हते. ज्या घरात चार पिढ्या शिकल्या त्या घराला शाळेचा उतारा सहज मिळतो. आरक्षण ज्यांच्यासाठी आहे त्यांच्यात पहिल्यांदाच पाटी हातात घेतलेली घरं कितीतरी आहेत, आणि त्यांच्याकडंही आधी मागतात तो कागद शाळेचाच. मला हे आजही खटकतं.

शेवटी आजोबांच्या धाकट्या भावाचं नाव जिल्हा परिषदेच्या शाळेच्या जुन्या रजिस्टरात सापडलं. जन्मतारखेच्या पुढं जात लिहिलेली. गुरुजींनी रजिस्टर उघडताना पानं तुटू नयेत म्हणून खाली पुठ्ठा धरला होता. तिथून वंशावळ, प्रतिज्ञापत्र, मग समितीत प्रस्ताव. बारावीत असतानाच प्रस्ताव गेला म्हणून प्रमाणपत्र वेळेत आलं. ज्या मैत्रिणींचं आलं नव्हतं त्यांनी अर्जाची पावती जोडून नोंदणी केली. पण मूळ प्रमाणपत्र मुदतीत दाखवलं नाही तर खुल्या प्रवर्गात धरतात, म्हणून त्यांना प्रवेश होईपर्यंत झोप नव्हती.

ऑनलाइन नोंदणीत माझ्या नावापुढं होम युनिव्हर्सिटी म्हणून नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ दिसलं. आमचं गाव अंबाजोगाई तालुक्यातलं, जिल्हा बीड. बीडची कॉलेजं छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात येतात. पण होम युनिव्हर्सिटी गावावरून नाही, बारावी कुठून केली यावरून ठरते, आणि मी बारावीला लातूरला होते. बीड, धाराशिवची किती पोरं लातूरला येतात! दहावीनंतर तिकडं जाताना शिकवणी, खोलीचं भाडं, मेस हे सगळं विचारात घेतलं होतं. विद्यापीठ बदलेल हे कुणी बोललं नव्हतं. विद्यापीठाला संलग्न कॉलेजात 70 टक्के जागा होम युनिव्हर्सिटीच्या मुलांना आणि 30 टक्के बाहेरच्यांना असतात. माझ्या स्वतःच्या जिल्ह्याच्या विद्यापीठात मी बाहेरची होते. सरकारी स्वायत्त संस्थांत मात्र जागा राज्य पातळीवर भरतात.

मग मागच्या वर्षीची कटऑफची पीडीएफ वेगळी वाचावी लागली. त्यात प्रत्येक जागेला संकेत असतो. सुरुवातीला जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींसाठी, मधे प्रवर्ग, शेवटी एच होमचा, ओ बाहेरचा, एस राज्य पातळीचा. एकाच शाखेच्या ओळीत हे आकडे पुष्कळ मागंपुढं असतात. मी 'एलओबीसीएच' आणि 'एलओबीसीएस' हे दोन रकाने हिरव्या पेननं खुणावत गेले. बाकीच्या रकान्यांकडं बघून हिंमत हरायचं कारणच नव्हतं.

ऑप्शन फॉर्ममध्ये 300 पर्यंत पर्याय भरता येतात. तालुक्याला नेट कॅफेत फॉर्म भरायला रांग. तिथला दादा स्वभावानं चांगला, पण प्रत्येकाला एकच सांगायचा: "मिळण्यासारखी कॉलेजं वर टाका, मोठी नावं वर टाकली की नंबर वाया जातो." शिकवणीच्या सरांनीही हेच सांगितलं. मी माहितीपुस्तिका दोनदा वाचून काढली, तेव्हा उमगलं की तसं नसतं. संगणक एकेका विद्यार्थ्याला गुणवत्तेच्या क्रमानं घेतो आणि त्याच्या यादीत वरून खाली उतरतो. जिथं जागा शिल्लक सापडेल तिथं थांबतो. वरचं कॉलेज मिळालं नाही म्हणून खालच्यातला हक्क जात नाही. ते कितव्या क्रमांकावर लिहिलंय, यानं तिथली जागा देताना काही फरक पडत नाही. उलट पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला तर तो आपोआप पक्का होतो, पुढच्या फेऱ्यांचा रस्ता बंद. मिळेल ते वर टाकणाऱ्याला तेच मिळतं आणि तिथंच राहावं लागतं.

हे मी कॅफेत सांगितलं तेव्हा दादा म्हणाला, "ताई, मी आठ वर्षं फॉर्म भरतोय." मी वाद घातला नाही. माझा फॉर्म मीच भरते, एवढंच म्हणाले. माझ्या शेजारी बसलेल्या मुलाचे वडील ऐकत होते. त्यांनी मुलाला विचारलं, "तुला कुठं जायचंय?" तो गप्प. फॉर्म भरायला आलेल्या पोरांना हा प्रश्न घरात कुणी विचारलेलाच नसतो. किती टक्के, कुठं लागेल, फी किती, एवढंच बोलणं होतं.

फीचं बोलणं आमच्याकडंही होतं, पण ते ऐन वेळी बदललं. 8 जुलै 2024 चा शासन निर्णय आला. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक शिक्षणात शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. आधी निम्मं होतं. वसतिगृह, मेस, विकास शुल्क त्यात नाही, तरी आमच्या यादीतून फीपायी खोडलेली कॉलेजं परत आत आली. आई म्हणाली, "आता पैशाचं आम्ही बघू, तू नाव लिही." त्या रात्री मी यादी नव्यानं लिहिली. सगळ्यात वर पुण्याचं सीओईपी, मग मुंबईचं व्हीजेटीआय. तिथल्या कॉम्प्युटरचा कटऑफ 99 च्या पुढं, हे माहीत असून. त्याखाली सांगलीचं वालचंद, संभाजीनगरचं शासकीय अभियांत्रिकी, नांदेडचं श्री गुरू गोबिंद सिंघजी. शाखा मी आवडीनं लावल्या. इन्स्ट्रुमेंटेशनला मी सिव्हिलच्या वर ठेवलं, कारण लातूरच्या साखर कारखान्याच्या सहलीत नियंत्रण कक्षातले तापमानाचे आणि दाबाचे आकडे बघत मी सगळ्यांच्या मागं राहिले होते.

पहिल्या फेरीत यादीतलं बरंच खालचं एक खाजगी कॉलेज आलं. हजार रुपये भरून जागा स्वीकारली आणि बेटरमेंट घेतलं. बेटरमेंटमध्ये हातची जागा राहते. वरची मिळाली तरच जुनी सुटते. दोन फेऱ्यांच्या मधे नातेवाइकांचे फोन आले, की मिळालंय ते सोडू नको. सोडत नव्हतेच, पण हे प्रत्येकाला पुन्हा पहिल्यापासून समजावताना आवाज बसला. दुसऱ्या फेरीत नांदेडचं नाव आलं, इन्स्ट्रुमेंटेशन, एलओबीसीएस. मी जागा पक्की केली.

काकांची मुलगी यंदा बारावीला आहे. तिच्या व्हॅलिडिटीच्या प्रस्तावाला माझं प्रमाणपत्र जोडलंय. ती लातूरला गेली नाही, अंबाजोगाईतच राहिली. तिचं होम संभाजीनगर. त्यामुळं माझी हिरव्या पेनची पीडीएफ तिला पुरणार नाही. तिला एच आणि ओचे रकाने सुरुवातीपासून पुन्हा बघावे लागतील, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघी नवी प्रिंट घेऊन बसणार आहोत.