भुताला पळवायचं कशानं?

माझ्या कपाटात दोनशेच्या वर भुताचे सिनेमे आहेत, सगळे डिस्कवर. निम्म्याहून जास्त व्हीसीडी, बाकीच्या डीव्हीडी. उर्दू-मराठी शिकवणारा मास्तर आणि हे कपाट, यांचा मेळ लोकांना बसत नाही. स्टाफरूममध्ये विचारतात, "सर, तुमच्यात भूत असतं का?" मोहल्ल्यात विचारतात, "मास्तर, हे बघणं जायज आहे का?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी आलिम लोकांवर सोडतो. पहिल्याचं देतो.

आमच्यात भूत नसतं. मेलेला माणूस परत येत नाही, त्याची रूह बर्जखमध्ये कयामतची वाट बघते. असतात ते जिन्न. बिनधुराच्या आगीपासून घडवलेले, आपल्यासारखेच बरे-वाईट, आपल्यासारखेच अल्लाहला जबाबदार. कुराणातली बहात्तरावी सूरह त्यांच्याच नावाची आहे. अम्मी आजही मोरीत उकळतं पाणी ओतण्याआधी 'बिस्मिल्लाह' म्हणते, चुकून कोणाच्या अंगावर पडू नये म्हणून. अशा घरात वाढलेल्या पोराला पांढऱ्या साडीतल्या बाईची काय भीती वाटणार? तरी मी तिला बघत राहिलो.

नाद लागला रामसे बंधूंमुळे, आणि परवडला तो मोझर बेअरमुळे. २००७ साली या कंपनीनं २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी बाजारात आणली, तेव्हा शिक्षकाच्या पगारातही 'कलेक्शन' हा शब्द बसू लागला. व्हीसीडीत जेमतेम सव्वा तास मावतो, म्हणून एका सिनेमाच्या दोन, कधी तीन डिस्क. हवेलीचं दार करकरतं, कोणीतरी मेणबत्ती उचलतं आणि पडदा काळा. उठा, डिस्क बदला. भीती जिरायला तेवढी दोन मिनिटं पुरत. पण मला ती दोन मिनिटंच आवडायची.

रामसेंच्या सिनेमांची नावं बघा. 'दो गज जमीन के नीचे' (१९७२), 'दरवाजा', 'दहशत', 'तहखाना', 'वीराना'. फारसी-अरबी शब्दांचा धडाच. दो गज जमीन म्हणजे कबर, हे मुलांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही, सिनेमाचं नाव घेतलं की पुरतं. हिंदी सिनेमाला घाबरवायचं असलं की तो उर्दूकडे येतो. पण घाबरवून झालं की उपाय मात्र दुसरीकडून येतो. 'पुराना मंदिर'मधला सामरी (१९८४) त्रिशुळापुढे हतबल होतो. आमचा माणूस अशा सिनेमांत असलाच तर बहुधा लोबानचा धूर करत येणारा एखादा बाबा, धोक्याची सूचना देऊन निघून जाणारा. तक्रार नाही. ज्याच्या गावात जे देऊळ, त्याच्या भुताला तोच उतारा.

तक्रार आहे ती 'एक्झॉर्सिस्ट'बद्दल, आणि तीही सिनेमा भयंकर आवडतो म्हणून. १९७३चा हा सिनेमा अमेरिकेतल्या एका मुलीच्या अंगात शिरलेल्या सैतानाचा, पण सुरू होतो उत्तर इराकमध्ये, आणि सुरू होतो अजाननं. मी पहिल्यांदा डिस्क लावली तेव्हा अम्मी आतल्या खोलीत तांदूळ निवडत होती. अजान कानावर पडताच तिनं सवयीनं पदर डोक्यावर घेतला आणि विचारलं, "इशाची झाली एवढ्यात?" मी म्हटलं, सिनेमातली आहे. ती दारात येऊन थोडा वेळ बघत उभी राहिली. लाल सूर्य, धूळ, खोदणारे मजूर. "मग यात भुताचं काय?" म्हणाली आणि आत गेली.

तिचा प्रश्न मी पुष्कळ वर्षं घेऊन फिरतोय. त्या उत्खननात सापडतो तो पझुझू, मेसोपोटेमियाचा प्राचीन राक्षस, इस्लामच्याही हजारएक वर्षं आधीचा. त्याचं अजानशी काही नातं नाही. फ्रीडकिनला आपल्या प्रेक्षकाला अनोळखी मुलखात नेऊन बसवायचं होतं आणि त्यासाठी तो आवाज सोयीचा होता, एवढंच. ज्या आवाजानं आमच्या घरात पदर सावरला जातो, तो तिथं पाठीत कळ येण्यासाठी वाजतो. तरी 'एक्झॉर्सिस्ट' मी कपाटातून काढला नाही, काढणारही नाही. फक्त सुरुवातीची काही मिनिटं मी आता वेगळ्या कानांनी ऐकतो.

मग मी उलट बाजूनं शोध सुरू केला. आमच्या लोकांनी भयपट काढला तर भुताला कशानं मारतील? 'जिंदा लाश' (१९६७) हा लाहोरचा कृष्णधवल ड्रॅक्युला एका परदेशी कंपनीच्या डीव्हीडीवर मिळतो. माझ्या आतेभावानं तो पाठवला. भारत डीव्हीडीच्या पाचव्या रीजनमध्ये येतो, बाहेरच्या डिस्क आपल्याकडे अडतात, म्हणून दुकानदाराकडून रिमोटची बटणं दाबून प्लेअरचं कुलूप आधीच काढून घेतलं होतं. दिग्दर्शक ख्वाजा सरफराज, ड्रॅक्युला झालाय रेहान. गंमत अशी की हा ड्रॅक्युला शापानं नव्हे, प्रयोगशाळेत बनतो. प्रोफेसर अमृतासारखं औषध शोधतो, स्वतःच पितो, मरतो आणि पिशाच्च होऊन उठतो. आणि शेवटी क्रॉस नाही, तावीजही नाही. उन्हाची तिरीप येते आणि तो संपतो.

मला खरं घाबरवलं ते मात्र बाबक अन्वारीच्या 'अंडर द शॅडो'नं (२०१६). तेहरान, इराण-इराक युद्धाचा काळ, घरात फक्त आई आणि मुलगी. इमारतीवर न फुटलेलं क्षेपणास्त्र येऊन पडतं, वाऱ्याबरोबर जिन्न येतो, मुलीची बाहुली गायब होते. त्या आईचा व्हीसीआर लपवलेला असतो, कारण तो बाळगणं गुन्हा. माझ्यासारख्या डिस्क जमवणाऱ्याच्या काळजात तिथंच धस्स झालं. एका रात्री ती मुलीला उचलून डोकं न झाकता रस्त्यावर धावत सुटते, आणि तिला धरतात ते जिन्न नव्हे, पोलीस.

हा सिनेमा बायकोनं माझ्याबरोबर शेवटपर्यंत बघितला, ती सहसा बघत नाही. मी डिस्क खोक्यात ठेवत होतो तेव्हा ती म्हणाली, "जिन्नानं तर नुसती बाहुली नेली होती."