फिरतीय काय?

परवा गॅरेजमध्ये इंजिनाला कान लावून बसलेला पोरगा उठला आणि म्हणाला, "काका, ह्याला टॅपेट सेट करायचं नसतंयच. ऑइल बदलू, आवाज जातोय." मी बरं म्हटलं. पण तोवर माझा उजवा हात इंजिनापाशी गेला होता, आणि अंगठा नि तर्जनी एकमेकांवर काहीतरी फिरवत होती. चिमटीत काहीच नव्हतं.

माझी गाडी २०१५ची क्लासिक ३५०. रूप सगळं जुनं: गोल हेडलाइट, त्याच्या दोन बाजूंना चिमुकले पायलट दिवे, थेंबासारखी टाकी, पत्र्याचे मडगार्ड. आतलं टॅपेट मात्र हायड्रॉलिक. इंजिनातलं ऑइल दाबाने त्यात शिरतं आणि फट आपली आपण भरून काढतं. थंडीच्या दिवसांत सकाळी गाडी चालू केली की ऑइल पोचेपर्यंत जराशी टकटक होते, मग गप्प. ऑइल जुनं झालं की ती टकटक रेंगाळते. पोराचं निदान बरोबर होतं. ऑइल बदललं, आवाज गेला. बोटं मात्र दिवसभर तशीच फिरत राहिली.

आबांची बुलेट बिडाच्या इंजिनाची होती. पिस्टनचा व्यास ७० मिलिमीटर, स्ट्रोक ९० मिलिमीटर, मिळून ३४६ सीसी. ही मापं माझ्या गाडीचीही तीच आहेत, हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. १९५५मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया उभी राहिली. पुढे इंग्लंडमधल्या रेडिचचा मूळ कारखाना बंद पडला तरी मद्रासच्या तिरुवोत्तियूरला बुलेट बनत राहिली. तिकडून आलेली ती गाडी कोल्हापुरात आमच्या अंगणात उभी असायची, उजवीकडे गिअर, डावीकडे ब्रेक.

टॅपेटचं काम रविवारी, भल्या पहाटे. इंजिन गार हवं, म्हणून आदल्या रात्रीनंतर गाडीला कुणी हात लावायचा नाही. आबा गोणपाट अंथरायचे, त्यावर पाने ओळीने मांडायचे आणि मला हाक मारायचे. सिलिंडरच्या खाली उजव्या अंगाला एक छोटं झाकण. ते काढलं की आत दोन पुशरॉड उभ्या दिसायच्या, तेलाने चकचकीत. डिकॉम्प्रेसर दाबून किक हळूहळू खाली न्यायची आणि पिस्टन कॉम्प्रेशनवर वर आणून ठेवायचा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले. मग खरं काम. त्याला तीन पाने लागतात: एक धरून ठेवायला, एक फिरवायला, एक लॉकनट आवळायला. आबांना हात दोनच. तिसऱ्या पान्यासाठी त्यांनी स्वतःची काहीतरी युक्ती काढली होती, पण रॉड फिरते का ते बघायला त्यांच्याकडे बोट उरत नसे. त्यासाठी मी.

"फिरतीय काय?"

"अडकतीय."

पाना किंचित सरकायचा.

"आता?"

"फिरतीय. वरखाली पण हलतीय."

"मग नको."

रॉड चिमटीत सहज फिरली पाहिजे, पण वरखाली जराही हलता कामा नये. एवढंच माप. जास्त आवळली तर व्हॉल्व्ह पुरता बसत नाही आणि हळूहळू जळतो. सैल राहिली तर गाडी वाटभर टकटकते. आणि लॉकनट आवळला की जमलेलं पुन्हा जरा बिघडायचं, पुन्हा पहिल्यापासून. आबा चिडायचे नाहीत. पाचव्यांदा, सहाव्यांदा तोच प्रश्न त्याच आवाजात. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. घरातल्या कुठल्याच गोष्टीत माझ्या शब्दावर काही ठरत नव्हतं. इथे मी "हां" म्हटल्याशिवाय झाकण बसत नसे. एकदा कंटाळून मी खोटंच "हां" म्हटलं. आबांनी झाकण लावलं, गाडी चालू केली, मान कलती करून ऐकलं, आणि गाडी बंद केली. मला काही बोलले नाहीत. इंजिन गार व्हायला सकाळ गेली. दुपारनंतर पुन्हा गोणपाट अंथरलं, पुन्हा विचारलं, "फिरतीय काय?" त्यानंतर त्या कामात मी कधी खोटं बोललो नाही.

चालू करणंही तसंच ऐकून-बघून. किक पायाने हळू दाबत न्यायची, टाकीपुढच्या अँपिअरचा काटा डावीकडे कलून पुन्हा मध्यावर आला की थांबायचं, डिकॉम्प्रेसर ओढून किक एवढीशी पुढे ढकलायची, तो सोडायचा, मग सगळं वजन टाकायचं. काटा न बघता घाई केली तर किक उलटी यायची आणि नडगी सुजायची. आता नव्या क्लासिकला किकच नाही. २०२१च्या इंजिनात पुशरॉडही नाहीत, कॅमशाफ्ट वर गेला. गाडी छान आहे, थरथर फार कमी. मी चालवून पाहिली आहे आणि मला आवडली.

मला आवडत नाही तो फोडलेला सायलेन्सर. रंकाळ्यावर संध्याकाळी गोळ्या झाडल्यासारखे आवाज काढत पोरं जातात, तेव्हा मला त्यांच्या इंजिनांची काळजी वाटते. त्या गदारोळात टॅपेट बोललं, चेन कुरकुरली, तर ऐकू कुणाला येणार?

चेनचं काम मी अजून घरीच करतो. रॉकेलचं फडकं, मग ऑइल, मग मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या चकत्या एकाच खाचेत आहेत ना ते वाकून बघणं. गेल्या आठवड्यात त्यासाठी पाना शोधताना आबांचा बिस्किटांचा डबा हाती लागला. आत तारेत ओवलेले वायसर, मापाप्रमाणे लहान-मोठे, आणि टोकाला तांब्याचे तीन.

तांब्याचा वायसर एकदा दाबला गेला की कडक होतो, मग त्यातून तेल पाझरतं. आबा तो फेकत नसत. आईचा चहा उतरला की त्याच गॅसवर पकडीत धरून लालबुंद करायचे आणि पाण्यात सोडायचे. चर्रकन आवाज व्हायचा, वरची काळी खपली सुटायची आणि आतून गुलाबी तांबं निघायचं, लोण्यासारखं मऊ, पुन्हा बसायला तयार. आई म्हणायची, "माझं भांडं नका घेऊ त्याला." ते तेच घ्यायचे.

मी त्यातला एक वायसर तारेतून काढला. गॅस पेटवला. मुलगी पाणी प्यायला आत आली होती, ती पेला हातात घेऊन थांबली.

"हे कशाला लागतं?"

"बघ आधी," म्हटलं, "आणि तुझा पेला दे इकडे."