शेजारची तबकडी आणि आईचे गाणे

इंदूरच्या स्नेहलतागंजात आमचे बालपण गेले. होळकरांच्या त्या नगरीत मराठी घरे पुष्कळ. त्यांत वसईकडून नोकरीनिमित्त गेलेले आमचे एक ख्रिस्ती घर. शेजारच्या आजोबांकडे ग्रामोफोन होता. रामनवमी जवळ आली की त्यावर 'गीतरामायणा'च्या तबकड्या लागत, आणि आमची आई भाजी निवडता निवडता भिंतीपलीकडचे सूर ऐकत बसे. "परक्या धर्माची गाणी तू कशी ऐकतेस?" असे आम्ही एकदा विचारले. ती म्हणाली, "बाळा, लेक दुरावली म्हणून माय रडते आहे. ते रडणे परके कसे?" आणि मग हलक्या आवाजात ती आपले गाणे म्हणू लागली. क्रुसाखाली उभ्या राहिलेल्या पवित्र मरियेचे ते गाणे होते.

गीतरामायणाची कथा वाचकांस ठाऊक असेलच. गदिमांनी गीते रचावी, सुधीर फडके यांनी चाल लावावी आणि पुणे आकाशवाणीने आठवड्यास एक गीत ऐकवावे, असा तो उपक्रम १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीस सुरू झाला. त्या वर्षी अधिक मास आला, म्हणून गीते बावन्न न राहता छप्पन झाली. प्रत्येक गीत कोणा ना कोणा पात्राच्या मुखी घातलेले. म्हणून माणिक वर्मा, ललिता फडके, वसंतराव देशपांडे अशा अनेकांनी ती गायिली. पुढे घरोघर पोहोचल्या त्या तबकड्यांत मात्र सारी गीते एकट्या फडक्यांच्या कंठातून उमटली. तबकड्यांमागून कॅसेट आली, कॅसेटमागून सीडी, आणि आता तर ती गीते खिशातल्या फोनवर ऐकू येतात. फडक्यांच्या गाण्याची गोडी अवीट खरी. तरी मुळातले ते अनेक कंठ ह्या आवृत्त्यांतून गळाले.

आमच्या पूर्वजांपाशीही अशीच एक थोर गीतकथा होती. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. १६४९ आणि १६५४ साली ते पुन्हा निघाले. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. मग हे पुराण वाचले कसे? भाविक कुटुंबांनी ते हाताने उतरून घेतले आणि पिढ्यान्‌पिढ्या वाचले, गायिले. अशा हस्तलिखितांवरूनच १९०७ साली मंगळूरची आवृत्ती सिद्ध झाली. ज्या १९५६ साली गीतरामायणाची सांगता झाली, त्याच साली पुण्यात शांताराम बंडेलू यांनी ख्रिस्तपुराण देवनागरीत आणले. छापील प्रती गेल्या, पण लोकांनी जपले ते टिकले.

हे सारे आम्हांस आज सुचते. त्या वेळी सुचले नाही. आईची गाणी लिहून घ्यावी असे आम्ही कितीदा म्हटले! पुढच्या सुट्टीत, नाताळात, ईस्टरनंतर असे करता करता वर्षे गेली, आणि एके दिवशी आईच देवाघरी गेली. शेजारच्या तबकडीवरील सर्व गीते आजही मनात येताच ऐकता येतात. आईच्या गाण्याच्या मात्र दोन ओळी आमच्या बहिणीला आठवतात, आणि त्यांपैकी दुसरीविषयी तिची खात्री नाही. त्या गाण्याची दुसरी आवृत्ती निघणार नाही. दोष सर्वस्वी आमचा.

वाचकहो, तुमच्या गावी अजून एखादी आजी लग्नातली, जात्यावरली किंवा प्रभूच्या दुःखसहनाची गाणी म्हणत असेल. येत्या रविवारी मिस्साहून परतल्यावर तिच्याजवळ वही घेऊन बसा. पण लिहून थांबू नका. तिच्याबरोबर गा, मुलांनाही गायला लावा. वही कपाटात पडून राहील. मुलांच्या ओठांवर बसलेले गाणे मात्र त्यांच्याबरोबर पुढे जाईल.